कुंपणच शेत खाते तेव्हा...

कर्करोगाचे निदान झालेल्या घरात पहिल्या आठवड्यात जी काही वाक्ये बोलली जातात, त्यांत एक हटकून असते : "अंगातली ताकदच कमी पडली." आमच्या यवतमाळ जिल्ह्यात त्याला वऱ्हाडी वळण मिळते. "डाक्टरसाहेब, बाबाची ताकदच सरली न जी, एखांदी ताकदीची सुई लावून द्या." वणीचा खाण कामगार असो की दारव्ह्याचा शेतकरी, पुसदचा मास्तर असो की झरी-जामणीकडच्या पोडावरचा कोलाम, फुप्फुसात गाठ निघाली की घरच्यांचा पहिला तर्क हाच. छातीच्या रोगांचा डॉक्टर म्हणून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की आता त्याचे नवल वाटत नाही, चिंता वाटते. कारण या एका वाक्यापायी पैसा जातो, वेळ जातो, आणि ज्याला रोग झाला त्याच्याच माथी दोष येतो. नीट खाल्ले नाही, जिवाला जपले नाही, म्हणून शरीर लढू शकले नाही, असा तो अर्थ असतो.

या वाक्यामागचे चित्र आपल्या मनात शाळेपासून ठसलेले आहे. रोग हा बाहेरून चालून आलेला शत्रू, प्रतिकारशक्ती म्हणजे आपले सैन्य. सैन्य दुबळे पडले की शत्रू जिंकतो. गोवर, देवी, घटसर्प यांच्या बाबतीत हे चित्र बरेचसे खरेही आहे. २०२०च्या करोनाच्या साथीत ते घराघरांत पोचले आणि त्या जोरावर काढे, चूर्णे, गोळ्या आणि बाटल्या भरपूर खपल्या. फुप्फुसाच्या कर्करोगाला मात्र हे चित्र लागू पडत नाही. या गाठीत सैन्य गैरहजर नसते, ते चांगले ठाण मांडून बसलेले असते. आणि त्यातली एक मोठी तुकडी गाठीच्याच चाकरीत असते. आपल्याकडे म्हण आहे, कुंपणच शेत खाते. ज्याला राखणीला ठेवले तोच चोराला सामील झाला, तर कुंपण आणखी उंच करून काय उपयोग?

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे : प्रतिकारशक्ती किती आहे हा प्रश्न सोडून, ती कोणाच्या बाजूने उभी आहे, हा प्रश्न आपण विचारायला शिकले पाहिजे. आणि त्याचे उत्तर शोधण्याची सोय मुंबईला आहे तशी यवतमाळलाही झाली पाहिजे.

गाठीचा हा कारभार कापूस पिकवणाऱ्याला समजावून सांगायला सूक्ष्मदर्शक लागत नाही. पऱ्हाटीवर मावा पडला की पानांवर चिकटा येतो आणि त्यामागोमाग मुंग्यांची रांग लागते. एरवी मुंगी म्हणजे शेतातल्या कितीतरी किड्यांची अंडी-पिल्ले फस्त करणारी. पण माव्याला ती हात लावत नाही. माव्याच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड रसासाठी ती त्याची राखण करते, आणि मावा खायला आलेल्या ढालकिड्याला हुसकून लावते. मुंग्या दुबळ्या झालेल्या नसतात. उलट त्या जितक्या दांडग्या, तितका मावा सुरक्षित. अशा शेतात मुंग्यांना खुराक घालणारा शेतकरी आपल्याला वेडा वाटेल. दवाखान्यात मात्र आपण तेच मागतो.

आता फुप्फुसाकडे येऊ. गाठीत पांढऱ्या पेशी सापडतात ही गोष्ट नवी नाही. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्शो यांनी १८६३ सालीच तिची नोंद केली होती. १८८२ मध्ये मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने तारामाशाच्या पिल्लात परका काटा गिळू पाहणाऱ्या भक्षक पेशी पाहिल्या, आणि या पेशी म्हणजे शरीराचे पहारेकरी हा विचार रूढ झाला. मग त्या गाठीत काय करत असतील? अर्थातच लढत असतील, असे पुष्कळ काळ गृहीत धरले गेले. १९८६ साली हॅरल्ड ड्वोरॅक या अमेरिकी संशोधकाने एक वेगळीच गोष्ट मांडली. ते म्हणाले, कर्करोगाची गाठ म्हणजे न भरणारी जखम आहे. आपल्याला हे ऐकताच अश्वत्थामा आठवतो. जखम झाली की शरीर तिथे पांढऱ्या पेशी पाठवते. त्या आधी घाण साफ करतात, मग भूमिका बदलून डागडुजीला लागतात : नव्या रक्तवाहिन्या काढतात, नव्या पेशींना वाढायचा इशारा देतात, लढणाऱ्या पेशींना माघारी बोलावतात. जखम भरली की काम संपते. गाठ मात्र सतत जखमेचे सोंग घेऊन बसते. त्यामुळे डागडुजी कधी संपतच नाही, आणि ज्या रक्तवाहिन्या जखमेसाठी निघाल्या त्या गाठीला पोसतात.

हे सोंग फुप्फुसात विशेष फळते, आणि त्याचे कारण फुप्फुसाच्या स्वभावात आहे. दिवसाकाठी हजारो श्वासांबरोबर धूळ, परागकण, जंतू, धूर आत येतात. प्रत्येक कणावर जर सैन्य तुटून पडले, तर सुजेने वायुकोश भरून जातील आणि माणूस गुदमरेल. म्हणून वायुकोशांत राहणाऱ्या भक्षक पेशी संयमी असतात. मुकाट्याने कचरा गिळायचा, आरडाओरड करायची नाही, कोणी उगाच भडकला तर त्याला शांत करायचे, हा त्यांचा धर्म. एरवी तो आपल्या जिवावरचा उपकार आहे. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय संस्थेतील मिरियम मेराद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये दाखवले, की फुप्फुसात गाठ अगदी बाळरूपात असते तेव्हा याच स्थानिक भक्षक पेशी तिच्याभोवती गोळा होतात. त्यांच्या सहवासात कर्कपेशींना पसरण्याचे वळण लागते. शिवाय या पेशी 'नियंत्रक' टी-पेशींना पुढे आणतात, आणि नियंत्रकांचे काम म्हणजे मारेकरी टी-पेशींना दटावणे. म्हणजे गाठ मटाराएवढी होण्याआधीच पहारेकऱ्याने तिच्यासाठी जागा झाडून ठेवलेली असते.

गाठ मोठी झाली की ती नुसत्या स्थानिकांवर भागवत नाही. ती अधाशासारखी साखर जाळते आणि लॅक्टिक आम्ल बाहेर टाकते. येल विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ मध्ये उंदरांतील फुप्फुसाच्या व इतर गाठींवर काम करून दाखवले, की हे टाकाऊ आम्लच भक्षक पेशींना डागडुजीच्या कामाला जुंपते. माव्याच्या चिकट्याची आठवण व्हावी असाच हा प्रकार. त्याहून चकित करणारी गोष्ट २०१७ साली बोस्टनहून आली. मिकाएल पिटे यांच्या गटाने दाखवले, की उंदराच्या फुप्फुसातली गाठ दूरवरच्या हाडांना निरोप धाडते, हाडे घडवणाऱ्या पेशींना जागे करते, आणि त्यांच्या मदतीने न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींची एक खास जात तयार करवून घेते. या पेशी फुप्फुसात येऊन गाठीची वाढ करतात. लढाई छातीत, आणि भरतीचे कार्यालय हाडात! मेराद यांच्याच गटाने २०२३च्या अखेरीस अस्थिमज्जेतल्या अशा भरतीमागचा एक इशारा ओळखला. तो रोखण्यासाठी दम्यावर व इसबावर आधीपासून वापरात असलेले एक औषध त्यांनी सहा रुग्णांना, इतर उपचार थकल्यावर, प्रतिकारशक्तीच्या औषधाच्या जोडीला दिले. त्यांतल्या एकाचा रोग जवळजवळ दिसेनासा झाला. सहांत एक ही संख्या लहान आहे आणि तिच्यावर मनोरे बांधू नयेत. पण दिशा कळते.

इथवर वाचून कोणी म्हणेल, ही न्यूयॉर्क-बोस्टनची आणि उंदरांची कथा. तिचा आमच्या वणीशी काय संबंध? संबंध धुळीचा आहे आणि धुराचा आहे. फुप्फुसाचा कर्करोग म्हणजे बिडी-सिगारेटचा रोग, ही समजूत अर्धीच खरी आहे. धूम्रपान हे त्याचे सर्वांत मोठे कारण आहेच. पण मुंबईच्या टाटा रुग्णालयाने २०१२ साली ४८९ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली, तीत निम्म्याहून अधिक रुग्णांनी आयुष्यात कधी धूम्रपान केलेले नव्हते. मग त्यांना हा रोग का झाला? एक उत्तर २०२३ मध्ये लंडनच्या चार्ल्स स्वॉन्टन यांच्या गटाने दिले. चार देशांतील ३२,०००हून अधिक रुग्णांची माहिती आणि उंदरांवरचे प्रयोग यांची त्यांनी सांगड घातली. वय वाढते तसे निरोगी फुप्फुसातही काही पेशींत बिघाड साचतात, पण त्या पेशी वर्षानुवर्षे निजून राहतात. हवेतले अतिसूक्ष्म कण आत गेले की ते गिळणाऱ्या भक्षक पेशी इंटरल्यूकिन-१ बीटा नावाचे रसायन सोडतात, आणि त्या रसायनाने निजलेल्या बिघडलेल्या पेशी जाग्या होतात. धुळीने स्वतः नवा बिघाड केलाच पाहिजे असे नाही. तिने पहारेकऱ्याला चिथावले, आणि पहारेकऱ्याने चोराला उठवले.

वणीच्या कोळसा खाणींच्या वाटेवरची धूळ, पऱ्हाट्या आणि ओली लाकडे जळणाऱ्या चुलीपुढे तीस-तीस वर्षे बसलेली बाई, बिडीचा धूर, कापसाच्या कारखान्यातली तरंगती रुई-धूळ, यांतल्या प्रत्येकाचा हिशेब वेगळा आहे आणि तो वेगळाच मांडला पाहिजे. पण फुप्फुसातल्या पहारेकऱ्याला वर्षानुवर्षे डिवचत राहणे ही फुकटची गोष्ट नाही, एवढे आता पक्के म्हणता येते. आयुष्यात बिडीला न शिवलेल्या आईला हा रोग झाला, तर "तिची ताकद कमी पडली" असे म्हणण्याआधी तिच्या चुलीकडे पाहावे.

या ज्ञानाचा औषधाला उपयोग झाला का? थोडा झाला, आणि त्यातला एक धडा कडूही आहे. इंटरल्यूकिन-१ बीटाला अडवणारे कॅनाकिनुमॅब नावाचे औषध हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या सुमारे १०,००० लोकांवर तपासले जात होते. २०१७ मध्ये निकाल आले, तेव्हा औषध घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग लक्षणीय कमी दिसला. सगळीकडे आशा पल्लवित झाल्या. पण कर्करोग झालेल्या रुग्णांवर जेव्हा ते रीतसर तपासले, तेव्हा २०२१-२२ पर्यंत चाचण्यांमागून चाचण्या निष्फळ ठरल्या. चोर उठण्याआधी पहारेकऱ्याला आवरणे वेगळे, आणि चोराने घर बळकावल्यावर आवरणे वेगळे. धूळ-धूर आधीच कमी करणे किती मोलाचे आहे, हे यावरून दिसते.

आता त्या बाटल्यांकडे वळू. "नुकसान तर नाही ना, मग घेऊ द्या की," असे नातेवाईक म्हणतात. नुकसान होते. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर एक मोठी चाचणी झाली. गाजरातले बीटा कॅरोटीन गोळीरूपाने दिले तर फुप्फुसाचा कर्करोग टळेल, अशी अपेक्षा होती. १९९४ मध्ये निकाल आला : गोळी घेणाऱ्यांत कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त. अमेरिकेत १८,०००हून अधिक धूम्रपान करणाऱ्या व ॲस्बेस्टॉसशी संबंध आलेल्या लोकांवर बीटा कॅरोटीन आणि अ जीवनसत्त्वाची अशीच चाचणी चालू होती. ती १९९६ मध्ये मुदतीआधीच थांबवावी लागली, कारण तिथे कर्करोग २८ टक्क्यांनी वाढला होता. ताटातले गाजर निर्दोष आहे. पण 'शक्ती' नावाची गोष्ट बाटलीत भरून शरीरात ओतली की ती आपल्या मर्जीप्रमाणेच वागेल, ही कल्पना या दोन चाचण्यांनी निकालात काढली. ताकदीच्या सुईचे तर आणखी वेगळे. तिच्यात कधी कधी स्टेरॉइड असते. दोन दिवस भूक लागते, तरतरी येते, घरचे खूश होतात. पण स्टेरॉइड हे नेमके मारेकरी टी-पेशींना निजवणारे औषध. मेंदूला सूज असेल, धाप फार असेल, तर ते द्यावेच लागते. पण निदानाआधी उगाच घेतलेले स्टेरॉइड रोग झाकते.

मग खरा उपाय कोणता? पहारेकरी फितूर आहेत आणि मारेकरी दटावून बसवले आहेत, तर त्या मारेकऱ्यांना मोकळे करणे हा एक मार्ग उरतो. इथे मला बैलाच्या वेसणीची उपमा द्यावीशी वाटते. टी-पेशी हा मस्तवाल बैल. जंतूंशी लढाई संपली की तो थांबला पाहिजे, नाहीतर आपलेच शेत तुडवील. म्हणून निसर्गाने त्याच्या नाकात वेसण घातली आहे. क्योटोमध्ये तासुकु होन्जो यांच्या प्रयोगशाळेत १९९२ साली सापडलेला पीडी-१ हा रेणू म्हणजे अशी एक वेसण, हे पुढे उलगडले. तिची दोरी म्हणजे पीडी-एल१. गाठ ही दोरी आपल्या हाती घेते, आणि चाकरीतल्या भक्षक पेशीही ती ओढू लागतात. बैल धडधाकट, शिंगे शाबूत, पण जागचा हलत नाही. ज्याला आपण 'ताकद कमी पडली' म्हणतो, ती पुष्कळदा ही स्थिती असते. वेसणीवरची पकड सोडवणारी औषधे निघाली, आणि २०१८चे नोबेल पारितोषिक होन्जो यांना आणि अशाच दुसऱ्या वेसणीवर काम करणाऱ्या जेम्स ॲलिसन यांना विभागून मिळाले.

या औषधांनी काय साधले, तेही मोजून सांगितले पाहिजे. ज्यांच्या गाठीवर पीडी-एल१ भरपूर आहे, अशा फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या रुग्णांत पेम्ब्रोलिझुमॅब या औषधाची केमोथेरपीशी तुलना झाली. पाच वर्षांनी केमोथेरपीने सुरुवात केलेल्यांपैकी शंभरात १६ जण हयात होते, नव्या औषधाने सुरुवात केलेल्यांपैकी ३२. पसरलेल्या रोगात पाच वर्षे ही पूर्वी बोलायचीही गोष्ट नव्हती. पण शंभरातले उरलेले ६८ गेले, हेही तितकेच खरे. ईजीएफआर नावाचा बिघाड असलेल्या गाठींवर, आणि धूम्रपान न करणाऱ्यांत त्या अधिक आढळतात, ही औषधे फारशी चालत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळ्या गोळ्या आहेत. शिवाय वेसण सुटलेला बैल कधी स्वतःच्याच शेतात शिरतो : आतडे, यकृत, थायरॉइड, क्वचित फुप्फुसालाच सूज येते. म्हणून हे औषध गाठीचा तुकडा तपासल्याशिवाय आणि जाणत्या देखरेखीशिवाय देता येत नाही.

आणि ते महाग होते. इतके महाग की आपल्याकडे बहुतेक रुग्णांना त्याचे नाव सांगणे म्हणजे जखमेवर मीठ चोळण्यासारखे वाटे. या ठिकाणी मुंबईच्या टाटा रुग्णालयाने केलेले काम मला मोलाचे वाटते. डॉ. कुमार प्रभाष, डॉ. विजय पाटील, डॉ. वनिता नोरोन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रश्न विचारला : एवढी मात्रा खरोखर लागते का? वेसणीवरची पकड सोडवायला निव्होलुमॅबची अगदी थोडी मात्राही पुरते, असे औषधाच्या सुरुवातीच्या अभ्यासांत दिसलेच होते. त्यांनी डोके-मान-तोंडाच्या पुढच्या टप्प्यातील कर्करोगाचे १५१ रुग्ण घेतले. निम्म्यांना स्वस्त गोळ्यांचा नेहमीचा उपचार दिला, निम्म्यांना त्याच्या जोडीला दर तीन आठवड्यांनी निव्होलुमॅब, पण फक्त २० मिलिग्रॅम. २०२२ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. वर्षाअखेर पहिल्या गटातले शंभरात १६ हयात होते, दुसऱ्यातले ४३. रूढ मात्रा दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम. सहा आठवड्यांचा हिशेब करा : एकीकडे ७२० मिलिग्रॅम, दुसरीकडे ४०. म्हणजे अठरावा हिस्सा. ही चाचणी तोंड-घशाच्या कर्करोगाची होती. तिचा निकाल फुप्फुसाला जसाच्या तसा चिकटवता येत नाही. पण तिने प्रश्न विचारण्याचा धीर दिला, आणि तो प्रश्न आपल्यासारख्या गरीब जिल्ह्याच्या बाजूचा आहे.

आता यवतमाळचे पाहू. इथे फुप्फुसाच्या कर्करोगाला पहिला अडथळा औषधाचा नसतो, नावाचा असतो. खोकला, बारीक ताप, वजन उतरणे, थुंकीत रक्त, एक्स-रेवर डाग, म्हणजे टीबी. आपल्या मुलखात टीबी मुबलक आहे, त्यामुळे तर्क चुकीचा नाही. पण थुंकीत जंतू सापडला नसतानाही गोळ्या सुरू होतात, आणि सहा महिन्यांचा कोर्स संपेपर्यंत कोणी मागे वळून पाहत नाही. तोवर गाठीने आपली फौज उभी केलेली असते. मला वाटते, प्रत्येक कुटुंबाने एक नियम पाठ करावा. थुंकीची सीबीनॅट तपासणी कोरी असेल, आणि दोन महिन्यांच्या गोळ्यांनी एक्स-रे सुधारला नसेल, तर "आता सीटी स्कॅन आणि तुकडा-तपासणी करायची का?" हे डॉक्टरांना आपण होऊन विचारावे. तुकडा काढला की रोग पसरतो, ही भीती मनातून काढून टाकावी. गाठीची चाकरी कोण करतो आहे आणि वेसणीची दोरी कोणाच्या हाती आहे, हे त्या तुकड्याशिवाय कळत नाही.

दुसरा अडथळा अंतराचा. यवतमाळ-दारव्ह्याचे लोक सेवाग्राम किंवा नागपूर गाठतात, पुसद-उमरखेडचे नांदेडची वाट धरतात, आणि ज्याच्या घरी विकायला दोन एकर आहेत तो मुंबईला परळला जातो. तपासणीसाठी एकदा जाणे ठीक. पण दर तीन आठवड्यांनी जाणे म्हणजे सोबतच्या माणसाची मजुरी, गाडीभाडे, राहणे, आणि सोंगणीच्या-वेचणीच्या दिवसांत घरचे दोन हात कमी. अनेकांचा उपचार औषधाच्या किमतीने थांबत नाही, तो एसटीच्या थांब्यावर थांबतो. हे औषध देण्याचे काम मात्र अर्ध्या-एक तासाचे, सलाईनमधून. २०२५च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची डे-केअर केंद्रे उभारण्याची घोषणा झाली. यवतमाळला १९८९ पासून वसंतराव नाईकांच्या नावाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेव्हा माझी मागणी अगदी बाजारी आहे : आठवडी बाजारासारखा आठवड्यातला एक दिवस ठरवा. निदान आणि उपचाराचा आराखडा नागपूर-मुंबईच्या तज्ज्ञांनी करावा, औषध इथे द्यावे. मात्रा २० मिलिग्रॅमची असेल तर १०० मिलिग्रॅमची कुपी पाच रुग्णांना पुरते. पण ते पाचही जण एकाच दिवशी, एकाच जागी आले तरच, नाहीतर उरलेले औषध वाया. बाजाराचा दिवस ठरलेला असला की माल फुकट जात नाही, हे कोणत्याही भाजीवाल्या बाईला कळते.

यावर एक आक्षेप मला ठाऊक आहे, आणि तो हलका नाही. जिथे साधा ताप आणि बाळंतपण यांसाठी धावाधाव करावी लागते, तिथे ही चैन कशाला? आधी खर्रा बंद करा, चुली बदला. मी म्हणतो, जरूर करा. आपल्या खर्ऱ्याने तोंडाचे कर्करोग किती केले, हे गावोगाव दिसते. पण टाटाची चाचणी नेमकी त्याच तोंडाच्या रोगाची होती. तो आठवडी दिवस खर्ऱ्याच्या रोग्यालाही उपयोगी पडेल. आणि जो माणूस आज आजारी आहे, त्याला "तू आधीच काळजी घ्यायला हवी होतीस" असे सांगून परत पाठवणे म्हणजे प्रतिबंध नव्हे. स्वस्त औषध शोधण्यासाठी आपल्याच रुग्णालयात आपल्याच रुग्णांनी चाचणीत नाव घातले. त्याचे फळ जिल्ह्यापर्यंत पोचवणे हे त्यांचे देणे आहे. फुप्फुसासाठीच्या अल्प मात्रेच्या चाचण्यांतही विदर्भातले रुग्ण असावेत, आणि मात्रा सिद्ध झाल्यावर शासकीय आरोग्य योजनांनी तिचा खर्च उचलावा, हेही त्यात आले.

शासनाचे शासन पाहील. घरापुरते एक काम मात्र आजच करता येईल. पुढच्या वेळी नात्यागोत्यात कोणाच्या छातीत गाठ निघाली, तर भेटायला जाताना शक्तीची बाटली नेऊ नका. ते पैसे त्याच्या सीटी स्कॅनला किंवा एसटीच्या भाड्याला द्या. त्याच्या मुलाला विचारा, तुकडा तपासला का, अहवालात काय आले. आणि त्या माणसाला सांगा, की तुमची ताकद कमी पडलेली नाही. ती तुमच्या अंगातच आहे, फक्त दुसऱ्याच्या दावणीला बांधलेली आहे. ती सोडवायची कशी, हे शोधायला आपण उद्या सकाळच्या गाडीने जाऊ.